जगूची फळी

ओहोटी लागली की आमची लाँच धक्क्यापाशी गाळात टेकते आणि भरती येईपर्यंत कुणाचंच काही चालत नाही. केबिनमधल्या बाकावर मी आडवा होतो. डोळे मिटतात, पण उजवा हात झोपायला तयार नाही. तो अजून गियरच्या दांड्यावरच आहे असं वाटत राहतं. संध्याकाळच्या भरतीला शिमग्याची पालखी पलीकडे न्यायची आहे. ढोलवाले, मानकरी, बायका, सगळं गाव लाँचवर चढणार. आणि पलीकडचे लोक पालखी उतरवून घ्यायला धक्क्याच्या पायऱ्यांवर, गुडघाभर पाण्यात उभे असतात. दरवर्षीची रीत आहे ती.

गियर मात्र दोन दिवस ऐकत नाही. दांडा मागे ओढला तरी लाँच पुढेच जाते. सकाळच्या फेरीत ती पलीकडच्या पायऱ्यांवर आदळली, एका कोळणीची पाटी मध्ये चिरडली आणि तिचा पाय थोडक्यात वाचला. तिने मला ज्या शिव्या दिल्या त्या मी मुकाट्याने ऐकल्या. तेल बघून घेतलंय, ग्रीस मारून घेतलंय, नारळसुद्धा बोललोय. फिटर उद्या येतो म्हणाला. उद्या येऊन काय माझी पूजा करणार? खाडीत दुसरी लाँच नाही, आणि देवाची पालखी थांबवा म्हणायची माझी छाती नाही.

लाँच चालू आहे. कधी सुटली, दोर कुणी काढले, आठवत नाही. समोर पलीकडचा धक्का आहे आणि पाण्यात माणसं दाटीने उभी आहेत. मी दांडा मागे घेतो. तो शेवग्याच्या उकडलेल्या शेंगेसारखा वाकतो. लाँच पुढेच चाललीय. ‘बाजूला व्हा!’ मी ओरडतो, पण लोक हसून हात वर करतात.

तेवढ्यात डोक्याशी घंटेची दोरी लोंबताना दिसते. खरं तर ती आता तिथे नाही. पूर्वी मी वर सुकाणूवर असायचो आणि जगू भाटकर खाली इंजिनपाशी. मी दोरी ओढायची, एक टोला म्हणजे पुढे, दोन म्हणजे थांब, तीन म्हणजे मागे, आणि जगूने हाताने गियर टाकायचा. वर्षानुवर्षं आम्ही एकमेकांचं तोंड न बघता अशी लाँच धक्क्याला लावली. मागच्या गणपतीत जगू छातीत कळ येऊन गेला. दुसरा इंजिनवाला मिळेना, म्हणून मालकांनी घंटा काढली, केबल घातली आणि गियर माझ्या हाताशी आणून दिला.

मी तीन टोले देतो. खालून काही नाही. पुन्हा तीन देतो.

‘ऐकू येतंय रे,’ खालून जगूचा आवाज येतो. ‘बहिरा नाय झालो. मेलो फक्त.’

‘मग टाक की मागे!’

‘तू खाली ये.’

‘सुकाणू कोण धरणार?’

‘आता तरी कोणी धरलंय?’

मी हातांकडे बघतो. दोन्ही हात शिडीवर आहेत आणि मी उतरतोय. खाली जगूच्या घराची पडवी आहे, ताजी सारवलेली. मधोमध इंजिन धडधडतंय. जगूची बायको, सुमित्रावहिनी, त्याच्या शेजारी बसून कैऱ्या चिरतायत, ताट थोडं सरकवून घेतलंय एवढंच. जगू गियरबॉक्सपाशी आपल्या फळीवर बसून तळहातावर तंबाखू मळतोय. त्याला बघून मला इतकं बरं वाटतं की क्षणभर लाँचचा विसरच पडतो. पण पडवीच्या गजांतून धक्का दिसतो, आणि तो मघापेक्षा जवळ आहे.

‘तेल बघितलंस?’ जगू विचारतो.

‘खुणेपर्यंत आहे.’

‘तू बघितलंस?’

‘खलाशाने. मी वरून विचारलं.’

‘आणि केबल सोडवून आर्म हाताने हलवून बघितला कुणी? गियरबॉक्सच्या कुशीतला तो? मी टाकायचो तो?’

मी गजांतून धक्क्याकडे बघतो.

‘म्हणजे तू उतरलाच नाहीस,’ तो म्हणतो. ‘का रे वासू?’

‘तुझी जागा रिकामी बघवत नाही मला.’

वहिनी मान वर न करता म्हणतात, ‘मलाही बघवत नाही, भावजी. पण झाडावं तर लागतं.’

जगू वाकून पिन काढतो आणि केबलचं टोक सोडवतो. ‘हलव.’

मी आर्मला हात लावतो. तो लोण्यातून फिरावा तसा फिरतो. पुढे, मध्ये, मागे. खट, खट, खट.

‘गियरबॉक्स ठणठणीत आहे,’ जगू म्हणतो. ‘दुखणं केबलचं. ती माझ्या वेळी नव्हती, तिच्या मागे तूच जा. कुठं अडकलीय बघ. चल लवकर, माणसं आहेत पाण्यात.’

मी केबलवर हात ठेवून चालू लागतो. काळी केबल इस्पितळाच्या भिंतीवरून जाते. हा तोच लांब व्हरांडा आहे जिथे डॉक्टर आम्हाला ‘घरी न्या’ म्हणाले होते. बाकांवर पलीकडच्या गावचे लोक ओल्या पायांनी बसलेत. ‘किती वेळ?’ एक बाई विचारते. मी केबलवरचा हात न काढता पुढे चालतो. केबल खाली वळते, पुन्हा वर येते आणि जगूच्या कमरेला करकचून विळखा घालते. तो अजून फळीवरच आहे, आणि आता त्याला धाप लागलीय.

केबल घालताना फिटरने खालून विचारलं होतं, ‘ही फळी काढू का? केबल सरळ नेतो.’ मालक, मी, खलाशी, सगळे एकदमच ‘नको’ म्हणालो. जगूची जागा आहे, राहू दे. मग त्याने फळीखालून वळसा घालून केबल वर घेतली. त्यात आपण काही वाईट केलं असं कुणालाच वाटलं नाही, उलट बरंच वाटलं.

‘एवढी मुडपून नेल्यावर ती किती दिवस ढकलणार नि ओढणार?’ जगू धापा टाकत म्हणतो. ‘काढ फळी.’

‘तुझी आहे ती.’

‘माझी कुठली आता? मी बसतो काय तिथं?’

‘आत्ता बसलायस की.’

‘तू बसवलायस मेल्या. ऊठ म्हण, उठतो.’

‘मी नाही म्हणणार,’ मी म्हणतो. मला रडू फुटतं.

गजांच्या पलीकडे धक्का आलाय. एक म्हातारी हात पसरून लाँचच्या टोकाकडे, नाळेकडे पुढे होतेय. जगू डबीतला चुना अंगठ्यावर घेतो आणि केबल जिथे मुडपलीय तिथे दाबतो. ‘हे बघ, हितं. जागा झालास की हितं बघ.’

‘थांब, एकदाच मागे टाक. शेवटचं. मी तीन टोले देतो!’

‘घंटा विकली ना मालकांनी?’ तो विचारतो, आणि म्हातारीचा हात नाळेला लागतो.

मी बाकावर उठून बसतो. लाँच हलतेय, खाली पाणी आलंय. गावातून ढोल ऐकू येतायत, म्हणजे पालखी देवळातून निघाली.

मी शिडीला पाय लावतो. गणपतीनंतर पहिल्यांदाच. खाली इंजिन थंड आहे, फळीवर गोणपाट आहे आणि आम्हीच घातलेला वाळका हार. बॅटरी मारून बघतो. केबल वरून येते, फळीखाली मुडपते आणि वर जाते. मुडपलीय तिथे पांढरा डाग आहे, अंगठ्याएवढा. मी बोट लावतो. चुना ओला आहे. मी तंबाखू खात नाही, आणि खलाशी सकाळची फेरी झाल्यापासून देवळात आहे.

मी पिन काढतो, केबल सोडवतो, आर्मला हात घालतो. तो सहज फिरतो. पुढे, मध्ये, मागे. ढोल जवळ येतायत. हार आणि गोणपाट उचलून मी बाजूला ठेवतो आणि फळीच्या बोल्टला पान्हा लावतो. हात थांबतो. बोलल्याशिवाय तो पुढे जायचा नाही हे मला माहीत आहे.

‘ऊठ रे जगू,’ मी म्हणतो, आणि जोर लावतो.