चौदाचं ॲव्हरेज

हरेश्वर डिझेल चोरतो, असं थळच्या बंदरावर आता उघड बोललं जातं. मी त्याच्या शेजारच्या सीटवर बसून कितीतरी वेळा माणगावला गेले आहे. तो चोरत नाही. एवढं सांगून माझं काम संपायला हवं होतं. संपत नाही, म्हणून हे लिहिते आहे.

आम्ही एका आळीत वाढलो. त्याच्या घरची होडी होती, पण त्याला होडी लागते. लहानपणी बापाबरोबर गेला की ओकतच परत यायचा. आळीतली पोरं त्याला त्यावरून चिडवत. बारावीनंतर मी साहित्य घेतलं, त्यानं स्टिअरिंग धरलं. जमिनीवर त्याला काही होत नाही, असं तो म्हणायचा.

मी आता माणगावच्या एका कॉलेजात तासिका तत्त्वावर मराठी शिकवते. माझे तास असतील त्या दिवशी सकाळी त्याच्या पिकअपमधून जात असे. मागे मासळी, पुढे आम्ही दोघं, पायाशी माझी पुस्तकांची पिशवी.

गाडी भरायची ती हरेश्वरच भरायचा. बर्फाच्या लाद्या फोडून घ्यायच्या, तळाला चुरा अंथरायचा, त्यावर मासळी, त्यावर पुन्हा बर्फ. जेवढी मासळी जवळपास तेवढाच बर्फ. ऑक्टोबरात त्याहून जास्त. दुसऱ्या कुणाला तो हात लावू देत नसे. माणगावच्या बाजारात गाडीचा मागचा फाळका उघडला की आवडाबाई पुढे यायची. ती तिथली जुनी मासळीवाली. एक बांगडा उचलायची, अंगठ्यानं दाबायची, आणि बाकीच्या बायकांना सांगायची, "कडक हाय. घ्या." बस. हरेश्वरला तेवढ्या शब्दांचा पगार मिळतो असं वाटावं, इतका त्याचा चेहरा खुलायचा.

गाडी प्रज्योतची. प्रज्योत शाळेत आमच्याच वर्गात होता. आम्ही त्याला पज्या म्हणत असू. अलिबागजवळ त्याच्या घरची नारळ-सुपारीची वाडी आहे. पुण्याला शिकून आला आणि त्यानं तीन पिकअप घेतल्या. दोन वाडीतला माल नेतात, तिसरी मासळीची. हरेश्वर त्याला शेठ म्हणू लागला. कुणी सांगितलं नव्हतं, पण म्हणू लागला.

मासळीची गाडी नवी आली तेव्हा प्रज्योतनं ती स्वतः शोरूममधून आणली. रविवारची सकाळ, रस्ता मोकळा, गाडी रिकामी. एका लिटरला चौदा किलोमीटर पडले. त्यानं मीटरचा फोटो ड्रायव्हरांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, "आपलं टार्गेट."

मग रोजची गाडी सुरू झाली. वडखळला रांग. नागोठण्याच्या पुढे खोदलेला रस्ता, डायव्हर्जन, दुसरा गिअर, पहिला गिअर. कोलाडला पुन्हा रांग. इंजिन चालू, गाडी उभी. मागे मासळी आणि बर्फ. हरेश्वरच्या गाडीला साडेदहा पडायचे. कधी दहा.

प्रज्योतनं ग्रुपवर विचारलं, "हरेश्वर, बाकीचं डिझेल कुठे जातं?"

खाली दोघांनी हसरे चेहरे टाकले. कॅनमधून डिझेल विकणारे ड्रायव्हर असतात, हे सगळ्यांना माहीत आहे. त्यामुळे कुणाला पुरावा लागला नाही.

दोन दिवसांत गोष्ट बंदरावर आली. हरेश्वरची आई, कोकिळाकाकी, मासळीच्या लिलावात उभी होती. शकू नावाची शेजारीण मोठ्यानं म्हणाली, "कोकिळे, आमच्या होडीला पन दे की थोडं. तुज्या घरचंच हाय." बायका हसल्या. काकीही हसली. हसण्यावारी नेलं तिनं. पण त्यानंतर ती लिलावाला गेली नाही.

हरेश्वरनं ठरवलं, चौदा पाडून दाखवायचे.

आधी गंमत वाटली. त्यानं टायरमध्ये हवा भरून घेतली. ताशी पन्नासच्या वर काटा जाऊ देईना. रिकामे क्रेट घरी ठेवले. एक दिवस माझ्या पिशवीकडे बघून म्हणाला, "मास्तरीणबाई, कादंबऱ्या कमी आना. ॲव्हरेज पडतंय."

"कवितांची पुस्तकं आणते. पातळ असतात."

"शब्द कमी आसतात नाय त्यांच्यात? मग चालंल."

अकरा पडले.

मग त्यानं स्टेपनी काढली. पंक्चर झालं तर काय, असं मी विचारलं. तो ती ढकलत पडवीत घेऊन गेला.

मग सुकेळीची खिंड. उतार लागला आणि त्यानं चावी फिरवली. इंजिन बंद. एकदम शांतता, फक्त वाऱ्याचा आवाज. मला वाटलं, गाडी बिघडली. तो समोर बघत होता. पुढे गॅसचा टँकर होता. हरेश्वरनं ब्रेक दाबला. ब्रेक दगडासारखा झाला होता. स्टिअरिंगही वळेना. तो दोन्ही पायांनी ब्रेकवर उभा राहिला, हँडब्रेक ओढला. गाडी टँकरच्या मागे थांबली तेव्हा त्यावरची बारीक अक्षरं मला वाचता येत होती.

मागून हॉर्न वाजायला लागले.

"हे कशासाठी?" मी विचारलं.

"अर्ध्या पॉइंटासाठी," तो म्हणाला. "आईला सांगू नकोस."

ते त्यानं पुन्हा केलं नाही. उरला होता तो बर्फ.

हे मी पाहिलं. सकाळी तो लाद्या मोजत नव्हता, नुसता बघत होता. मग निम्म्या परत ठेवायला सांगितल्या. बर्फवाला म्हणाला, "गरमी बघतोस ना?" हरेश्वर म्हणाला, "वाईच जोरात जातो आज." जोरात तो गेला नाही. जोरात गेलं की डिझेल जळतं. पन्नासच्याच चालीनं गेला. गाडी हलकी चालत होती, तेही मला कळत होतं. चढाला ती कण्हत नव्हती.

माणगावला फाळका उघडला. आवडाबाईनं बांगडा उचलला, अंगठा दाबला. खड्डा पडला तो तसाच राहिला.

"हरेश, कालचा म्हावरा हाय काय?"

"आजचाच हाय, मावशी. लिलावातनं सरळ आनलाय."

"मग ह्याला काय झालंय?"

तो फाळक्याची साखळी नीट करत राहिला.

"तू आनलायस म्हनून ठेवून घेते," ती म्हणाली. "मीठ लावून सुकवायला लागंल. उद्या आसा आनू नकोस. मना तोंड दाखवायचं आसतं गिऱ्हाइकाला."

संध्याकाळी त्यानं टाकी फुल केली. चौदा पडले. थोडे वरच.

प्रज्योतनं ग्रुपवर अंगठा टाकला. पाठोपाठ मेसेज आला. "म्हणजे जमत होतं. मग आतापर्यंतचं डिझेल?"

मी तो मेसेज पुन्हा पुन्हा वाचला. मला वाटलं, मी काहीतरी चुकीचं वाचते आहे. चौदा पडत नव्हते तेव्हा तो चोर होता. चौदा पडले, तर आता तो नक्की चोर. ह्या माणसानं काय करायला हवं होतं, ते मला कुणीतरी सांगावं.

आम्ही वाडीत गेलो. प्रज्योत ओटीवर झोपाळ्यावर बसला होता. त्यानं आम्हाला बसायला सांगितलं, पन्हं मागवलं. माणूस वाईट नाही, असं म्हणायची पद्धत आहे. पन्हं चांगलं होतं.

"बर्फ कमी घातला शेठ," हरेश्वर म्हणाला. "म्हणून पडलं."

"बर्फाचा काय संबंध?"

"वजन आसतं त्याला."

"अरे, पण तो वितळतो ना वाटेत?"

हरेश्वर माझ्याकडे बघू लागला. प्रज्योतच्या घरच्या नारळावर कुणी बर्फ घालत नाही, हे माझ्या ध्यानात आलं. त्याच्या घरी माल म्हणजेच भार. पण डोळे तर होते. बर्फाचं बिल दर महिन्याला तोच भरत होता.

"पावतीवर मासळीचं वजन असतं," प्रज्योत म्हणाला. "मी पावती टाकतो. सिस्टिममध्ये बर्फाचा रकाना नाही."

"मग घाल रकाना," मी म्हणाले.

"मृणाल, तू साहित्यवाली. हे आकडे आहेत."

शब्दाला वजन असतं, असं मी परीक्षेत लिहिलं आहे. त्याला मार्कही मिळाले. बर्फाला वजन असतं, हे कुणाला समजावून सांगावं लागेल, असं मला वाटलं नव्हतं.

"एक दिवस माझ्या बाजूला बस," हरेश्वर म्हणाला. "माणगावपर्यंत. तू स्वतः बघ." तो शेठ म्हणायचं विसरला होता.

"वेळ कुठे आहे रे."

"मग तो मेसेज काढ."

"मी तुला चोर म्हणालोय का? दाखव कुठे म्हणालोय. प्रश्न विचारला फक्त."

"आई लिलावाला जात नाय माझी."

प्रज्योतनं झोपाळा पायानं थांबवला. मला वाटलं, आता तो काही बोलेल. तो म्हणाला, "लोकांचं काय, चार दिवसांत विसरतात."

दुसऱ्या दिवशी हरेश्वरनं गाडी काठोकाठ भरली. मासळीवर बर्फ, बर्फावर मासळी, वर पुन्हा बर्फ. वडखळपासून मागे पाण्याची रेघ उमटत होती. आवडाबाईनं अंगठा दाबला आणि नुसती पसंतीची मान हलवली. परत आल्यावर त्यानं गाडी धुतली, वाडीत नेली आणि चावी झोपाळ्यावर ठेवली.

मग गाडी शुभम चालवू लागला. तो साधा पोरगा, पेणकडचा. त्याला प्रज्योतनं पहिल्याच दिवशी चौदा सांगितले. हरेश्वरला चौदा कसे पडले होते, ते बर्फवाल्यानं त्याला सांगितलं. शुभमनं तेच केलं. ग्रुपवर रोज अंगठा यायचा.

कॉलेजात जाताना माणगावच्या बाजारात मी ते बघत होते. पहिल्या दिवशी बायकांनी कुरकुर केली. दुसऱ्या दिवशी निम्मी मासळी उचलली. मग एका सकाळी आवडाबाईनं बांगडा दाबला, पुन्हा क्रेटमध्ये टाकला आणि शुभमला म्हणाली, "पोरा, तुजा काय दोष नाय. पन ही गाडी परत ने." त्यानंतर त्या बायका मुरूडकडून येणाऱ्या टेम्पोतली मासळी घेऊ लागल्या. प्रज्योतची तिसरी पिकअप वाडीत माडाखाली उभी आहे. तिला डिझेल लागत नाही.

बंदरावर मात्र कुणी काही विसरलेलं नाही. शकू अजून विचारते, "हरेश आता कुनाचं डिझेल पितोय?"

हरेश्वर मामाच्या होडीवर जातो. दुसरं कुणी त्याच्या हाती गाडी देत नाही. अलिबागच्या दोघा मालकांनी सरळ सांगितलं, "तुझ्याबद्दल ऐकलंय." त्याला अजूनही होडी लागते. काल दुपारी परतला तेव्हा ओठ पांढरे होते. ओट्यावर आडवा झाला आणि फोन माझ्याकडे दिला.

प्रज्योतचा मेसेज होता. ग्रुपवर नाही, एकट्यालाच. "सोमवारपासून ये. बर्फ हवा तेवढा घाल. चौदाचं राहू दे."

"जाशील?" मी विचारलं.

त्यानं फोन परत घेतला. सावकाश टाइप केलं. "ग्रुपवर लिही, मी चोर नाही म्हणून. मग येतो."

लगेच उत्तर आलं. "जाऊ दे ना आता जुनं."

हरेश्वरनं एकच शब्द पाठवला. "लिही."

दोन निळ्या खुणा आल्या. आम्ही अंधार पडेपर्यंत बसलो. कोकिळाकाकी दारात येऊन विचारून गेली, काही आलं का. आलं नव्हतं.

मग त्यानं आईला हाक मारली आणि उलटीवरची गोळी कुठे ठेवली आहे ते विचारलं. पहाटे होडी निघायची होती.