वन्संच्या गाडीतली काळी डबी

माझ्या नणंदबाई बायकांना गाडी शिकवतात. त्यांची पद्धत निराळी. पहिल्या दिवशी गाडी सुरूच करायची नाही. बाईला स्टिअरिंगसमोर बसवायचं आणि विचारायचं, "हं, बोला. घरचे काय म्हणतात?" वन्संचं म्हणणं, मनात धाकधूक असली की क्लचवरचा पाय थरथरतो, आधी ती बाहेर पडू द्यावी, मग गिअर टाकावा. त्यामुळे त्यांच्या गाडीत सासू, जावा, पगार, पोरांचे मार्क सगळं निघतं आणि वन्संच्या पोटात राहतं. घरी बोलताना त्या कुणाचं नावसुद्धा घेत नाहीत. चुकांवरून नावं पाडतात आणि गाडीतही त्याच नावांनी हाक मारतात. एक हॉर्नवाली, एक डावी-उजवी, एक ब्रेकवाली.

ब्रेकवालीचं तेवढं त्यांनी मला सांगितलं, कारण ते एकटीला पेलेना. नवरा हात उचलायचा. भावाने दिलेली गाडी दारात धूळ खात होती. ती चालवता आली की मुलीला घेऊन भावाकडे निघून जायचं, असं तिने ठरवलं होतं. नवऱ्याला पत्ता लागला तर काय होईल, हे तिने वन्संना दंडावरचा डाग दाखवून सांगितलं होतं.

शिकवायची गाडी वन्संनी एका व्यापाऱ्याकडून जुनी घेतली होती. गेले काही दिवस सकाळी बघावं तर बॅटरी उतरलेली. शेवटी वायरिंगवाल्याकडे नेली. बाजारात जायचं म्हणून मीही बरोबर होते.

"ताई, तुमच्या बायका दिवे चालू ठेवून जात असणार," तो म्हणाला.

"माझ्या बायका असले दिवे लावत नाहीत. तू खाली वाक."

तो तोंडात टॉर्च धरून डॅशबोर्डखाली उताणा शिरला. थोड्या वेळाने साबणाच्या वडीएवढी काळी डबी लोंबत बाहेर आली. "हे कंपनीचं नाही. मागाहून बसवलंय."

"रिव्हर्सचा भोंगा असेल."

"त्याची तार मागे जाते. ही सरळ बॅटरीवर आहे."

"मग दारांचं लॉक?"

"त्याच्या तारा दारात शिरतात." डबीतून आणखी एक बारीक तार निघाली होती. ती त्याने बोटाने हलकेच ओढली. काचेच्या कडेने, अस्तराखालून ती वर चढत गेली आणि आरशापाशी संपली. तिथे मसुराच्या दाण्याएवढं काहीतरी होतं, मधे भोक असलेलं. त्याने डबी उघडली. आत सिमकार्ड.

"गाडी कुठे आहे ते सांगणारं यंत्र आहे."

"मग चोरीसाठी असेल. चांगलंच की," मी म्हटलं.

"वहिनी, चोरीसाठी असेल तर त्याला कान कशाला?" तो म्हणाला. "या नंबरवर फोन केला की हे गुपचूप उचलतं. गाडीत काही वाजत नाही. फोन करणाऱ्याला मात्र सगळं ऐकू येतं."

वन्सं बॉनेटला टेकल्या. वायरिंगवाल्याने सिम चालू आहे का बघायला ते आपल्या जुन्या फोनमध्ये घातलं. आम्ही तिघं त्या फोनकडे बघत असतानाच तो वाजला.

त्याने उचलून स्पीकर लावला आणि ओठांवर बोट ठेवलं. पलीकडे पंखा घरघरत होता. कपबशी वाजली. मग एक म्हातारा आवाज आला, "अगं, ये लवकर. आज माणसांचा नुसता गलका आहे."

"ब्रेकवाली आली का?" एका आजीबाईंनी विचारलं.

"नाही अजून. भावाचं काय ठरलं, ते आज कळेल."

ब्रेकवाली हा शब्द वन्संचा. गाडीबाहेर तो फक्त मला ठाऊक.

"मला तुमचं सगळं ऐकू येतंय," वन्सं म्हणाल्या. त्यांचा आवाज इतका बारीक मी कधी ऐकला नव्हता. "कोण तुम्ही?"

तो त्या व्यापाऱ्याचा बाप निघाला. मुलाने ड्रायव्हरवर नजर ठेवायला डबी बसवली, गाडी विकली, डबी विसरला आणि जुना फोन बापाला दिला. आजोबांनी एकदा चुकून बटण दाबलं. मग रोजच दाबू लागले.

"आम्ही काही वाईट केलं नाही हो," आजी रडकुंडीला आल्या. "घरात दिवसभर कुणी नसतं. तुमच्या मुली आपल्याच वाटायला लागल्या."

"कुणाला सांगितलंत?"

"छे छे, कुणाला नाही. आमच्या मालिशवालीला तेवढं. ती म्हणाली, भावाने गाडी दिलेली अशी एक सून आहे, तिच्या सासूच्या मालिशला जाते मी."

वन्संनी वायरिंगवाल्याच्या हातातला फोन बंद केला. "तोडून टाक ती डबी," एवढंच म्हणाल्या आणि त्याने तार कापताच गाडी काढली. मी धावत मागे बसले.

ब्रेकवाली नेहमीच्या कोपऱ्यावर उभी होती. गोरी, किडकिडीत, माझ्या धाकट्या बहिणीच्या वयाची. वन्संनी आडपडदा न ठेवता सगळं सांगितलं. ती रडेल, निदान वन्संना चार शब्द सुनावेल, असं मला वाटलं. तिने फक्त विचारलं, "मालिशवाली? ती आज दुपारी येणार आहे आमच्याकडे."

वन्संनी घड्याळात पाहिलं.

"मुलगी शाळेत आहे," ती म्हणाली. "मी आत्ताच जाते."

"अगं, तुझी गाडी दारात. आणि तो?"

"तो घरात आहे. मला तुमची गाडी द्या."

"हायवेवर तू एकदासुद्धा गेलेली नाहीस."

"मग तुम्ही बसा शेजारी."

शाळेच्या फाटकापाशी मी उतरले. दप्तर पाठीवरच असलेली मुलगी माझ्या जागी बसली. अंगावरच्या कपड्यांनिशी त्या गेल्या.

संध्याकाळी भावाच्या घरून वन्संचा फोन आला. सुखरूप पोचलो म्हणाल्या. मग म्हणाल्या, "वहिनी, उद्या बाकीच्या बायकांना सांगायला हवं. एकेकीला. निम्म्या तरी पुन्हा तोंड दाखवणार नाहीत."

"मी येते तुमच्याबरोबर."

त्यांनी हळूच विचारलं, "तुम्ही आत्ता कुठे बसलाय? शेजारी कुणी आहे का?"

इतक्या वर्षांत वन्संनी मला असं कधी विचारलं नव्हतं.