देसले बाईंनी खोडलेला समारोप

देसले बाई गेल्या. पोकळी वगैरे काही निर्माण झालेली नाही.

ते पोकळीचं वाक्य बाईंनी लाल पेनाने खोडलंच असतं, म्हणून मीच खोडून सुरुवात केली.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: बाई मुरबाडला आमच्या हायस्कूलमध्ये मराठी शिकवायच्या. मी त्यांची विद्यार्थिनी. आता त्याच शाळेत मराठी शिकवते.
रिटायर झाल्यावरही त्या शनिवारी दहावीचा निबंधाचा तास घ्यायला यायच्या. कोणी बोलावलं नव्हतं. अडवायची कोणाची हिंमतही नव्हती.

काल दुपारी बातमी आली. स्टाफच्या ग्रुपवर हात जोडलेल्या इमोजींची रांग लागली. मीही एक टाकली आणि तासाला गेले.

मुख्याध्यापक सर म्हणाले, "उद्या प्रार्थनेनंतर शोकसभा. तुम्ही बोला आणि एक मुलगी बोलू दे."

दहावीची रोशनी मधल्या सुट्टीतच भाषण घेऊन आली. मोबाइलमधून उतरवलेलं. ज्ञानाचा अखंड झरा, मायेची सावली, काळाचा पडदा, सगळं जागच्या जागी. फक्त नाव बाईंचं.

मी म्हटलं, "बरं, ठेव."

खरं सांगते, मी दमलेय. आधी गाइडमधून उतरवायचे, आता मोबाइलमधून. घाटाखालची मुलं वर्षानुवर्षं तोच सूर्यास्त लिहितात, त्याच सोनेरी वाळूवर. मी तपासते, मार्क देते, पुढचा पेपर घेते. भांडायची ताकद बाईंकडे होती, माझ्याकडे नाही.

मीही लिहिला होता तो समुद्रकिनारा. नववीत.

बाईंनी वर्गात उभं केलं. "समुद्र पायलास गो तू?"
"नाय बाई."
"मंग कशाला लिवलास? म्हशाची जत्रा पायलीस ना? ती लिव."

म्हसा गावची ती गुरांच्या बाजाराची जत्रा मी दरवर्षी बघायचे. तो निबंधाचा विषय असतो हे मला माहीत नव्हतं.

आणि लिहायचं कसं, तर बाईंचं एकच. "एका परिच्छेदात एकच गोष्ट. भाताचा खाचर संपला का बांध घालायचा, मंग दुसरा खाचर. सगला पानी एकात सोडू नको."
आमच्या वर्गात शेतावर न जाणारं कोणीच नव्हतं. परिच्छेद सगळ्यांना त्याच दिवशी कळला.

मग मी लिहिलं. त्या वर्षी बाबांनी आमचा पाखऱ्या जत्रेत विकला होता. म्हातारा झाला नव्हता, पण त्याचा जोडीदार मेला होता, आणि एकटा बैल ठेवून करायचं काय?
पहिल्या परिच्छेदात पाखऱ्याला धुतला. दुसऱ्यात आमच्या वैशाखऱ्याहून म्हशापर्यंत चालवत नेला. तिसऱ्यात बाबा संध्याकाळी परत आले, हातात नुसतं दावं. आमच्याकडे बैल देतात, दावं देत नाहीत. ते त्यांनी गोठ्यातल्या खुंटीला अडकवलं आणि न जेवता झोपले.

त्याखाली मी समारोप केला होता. 'अशा प्रकारे प्राणी हे माणसाचे खरे मित्र आहेत. आपण त्यांच्यावर प्रेम केले पाहिजे.'

बाईंनी तो अख्खा खोडला.

"दावा खुंटीला लावलास ना? तितंच थांब. आमाला कललं."
"पण बाई, समारोप?"
"हाच समारोप."
"मार्क कापतील."
"कापू दे."

मग चष्मा काढून पदराने पुसत बसल्या. मला वाटलं खडूची धूळ असेल.

आज सकाळी प्रार्थनेआधी रोशनी कागद हातात धरून पाठ करत होती. 'मायेची सावली' दोनदा अडखळली. आणि मला काय झालं कोण जाणे, मी तो कागद काढून घेतला.

"रोशनी, यात बाई कुठे आहेत?"
"नाव हाय ना वरती."
"नाव नको. तू बघितलेल्या बाई."

ती वैतागली. "मॅडम, सगले असंच बोलतात. आता पाच मिन्टात मी काय बोलू?"

तिचं बरोबर होतं. कालच मी 'ठेव' म्हटलं होतं. पण बाईंना उसन्या भाषणावर वाटेला लावायचं माझ्याच्याने होईना.

"एकदा बघितलेलं काहीतरी सांग," मी म्हटलं.

घंटा झाली. मग खाली बघत म्हणाली, "निबंध आवडला का त्या चष्मा काढून पदराला पुसायच्या. माझ्या येली एकदाच पुसला."

मला आजवर वाटत होतं, ते फक्त माझ्याच निबंधाला झालं होतं.

"हेच बोल."
"येवढंच?"
"एवढंच. आणि तिथेच थांब."

रोशनी पुढे गेली. तेवढंच बोलली. जाऊन रांगेत उभी राहिली.
सर पुढच्या वाक्याची वाट बघत राहिले. ते आलं नाही. दहावीच्या रांगेत नाकं ओढल्याचा आवाज येऊ लागला. मागे उभ्या शिपाईमामांनी टोपी काढली.

मग माझी पाळी. मी म्हशाच्या जत्रेचं सांगणार होते. खुंटीपर्यंत आले आणि रडायलाच लागले. मुलांसमोर, माइकसमोर. माइक बंद करायचंही सुचलं नाही.

आता घरी आहे. टेबलावर दहावीचे निबंध आहेत. विषय: मी पाहिलेला समुद्रकिनारा. उद्या सगळे परत देणार आहे, न तपासता. तुम्ही पाहिलेलं लिहा म्हणणार आहे. पालक ओरडतील, सर बोलावतील. दमलेय, तरी देणार आहे.

या पोस्टलाही मी चांगला समारोप लिहिला होता. आत्ताच खोडला.

बरं बाई, या.