ताम्हिणीला, अगदी तसाच चाकू आणायला

मंडईत माझी पर्स उलटी झाली आणि यांचा चाकू गाजरांच्या ढिगात गेला. भाजीवाल्याने आणि मी मिळून अर्धा ढीग उपसला तेव्हा सापडला. त्या दिवशी घरी येऊन मी ताम्हिणीच्या तानाजीभाऊंना फोन लावला. म्हटलं, "अगदी तसाच दुसरा करून द्या. तो पर्समध्ये ठेवीन, यांचा घरी राहील."

हे जाऊन तीन वर्षं झाली. यांना छोट्या चाकूंचा नाद होता. सगळे तानाजीभाऊंच्या हातचे, बोटभर पात्याचे. असे पाच चाकू बिस्किटाच्या डब्यात आहेत. सहावा यांच्या खिशात असायचा, आता माझ्या पर्समध्ये असतो. हे असताना मी त्या चाकूंना हात लावला नव्हता. नंतर वाचनालयातून पोलादाविषयीची पुस्तकं आणली, निम्मी कळली नाहीत, तरी दोनदा वाचली. आता कुठलं पातं गंजेल आणि कुठलं नाही एवढं मला सांगता येतं.

तीन आठवड्यांनी फोन आला, "काकू, झालाय. पण पार्सल करनार न्हाई. हितं या, कापून बघा, मग घ्या." त्यांचा नियमच आहे तो. गिऱ्हाइकाने त्यांच्यासमोर काहीतरी कापल्याशिवाय ते चाकू देत नाहीत.

स्वारगेटहून ताम्हिणीमार्गे कोकणात जाणारी सकाळची बस धरा. पर्समध्ये चाकू असला की मेट्रोचा विचार सोडायचा, तिथे पर्स तपासतात. चांदणी चौक ते भुगाव गाड्यांची एवढी कोंडी की हा पट्टा चालत गेलो असतो तरी चाललं असतं. भुकूमला नवे मनोरे इतके झालेत की डोंगर बघायला मान वाकडी करावी लागते. पौड सुटलं आणि एकदम मोकळं झालं. भात कापून झालं होतं, खळ्यांवर झोडणी चालू होती आणि खिडकीतून ताज्या पेंढ्याचा वास येत होता. मग मुळशीचं पाणी लागलं. निळं, गप्प, वळणावळणाला पुन्हा दिसणारं. मी जेवणाचा डबा उघडायचाच विसरले.

पेरू मात्र काढला. शेजारी पौडला चढलेली, माझ्याच वयाची बाई होती. चाकू बघून म्हणाली, "बया, कुनावर निघालाय?"

"पेरूवर," मी म्हटलं आणि तिला फोड दिली. एका बाजूला जाड, दुसऱ्या बाजूला कागदासारखी.

"तुमी कापलाय का कुरतडलाय?"

माझं कापणं हे असंच. तीन वर्षं तिरकंच जातं. हात चांगला नाही, दुसरं काय.

ताम्हिणीच्या फाट्यावर उतरलं की दहा मिनिटं चाल. तानाजीभाऊंची शेड रस्त्यावरूनच दिसते, कारण दारात ट्रकचे जुने कमानपाटे, म्हणजे चाकांवरच्या स्प्रिंगच्या पोलादी पट्ट्या, रचलेले असतात. त्यांतूनच ते पाती काढतात. पूर्वी ते पिरंगुटच्या एका कारखान्यात होते. आता घरीच भट्टी, ऐरण, कानशी आणि एक घासायचं मशीन. त्यांची बायको सुनंदा बाहेर भात पाखडत होती. "आल्या का? भाकरी टाकते. आधी त्यांचं काय ते उरका, न्हाईतर जेवू द्यायचे न्हाईत."

तानाजीभाऊंनी चाकू पाटावर ठेवला. हातात देत नाहीत, आपण उचलायचा. खैराची मूठ, पातं यांच्या चाकूएवढंच. मुठीत धरला आणि मला बरं वाटलं. त्यांनी काकडी पुढे केली. मी कापली. चकती तिरकी पडली, एका बाजूला जाड, दुसऱ्या बाजूला कागदासारखी.

"बरोब्बर!" मी म्हटलं. "अगदी तसाच झालाय."

तानाजीभाऊंनी चकती उचलून उजेडात धरली. त्यांचं तोंड बघण्यासारखं झालं होतं. "काकू, ह्याला कापनं म्हनत्यात व्हय? पुन्हा कापा." मी पुन्हा कापली. पुन्हा तशीच. ते माझ्या हाताकडे बघत राहिले, मग कपाळावर हात मारून घेतला.

"तुमी उजव्या हाताच्या!"

"मग?"

"साहेब डावरे व्हते की! पातळ चकती निघावी म्हनून त्यांनी एकाच बाजूनं धार मागितली व्हती. मी डाव्या हाताची लावून दिली. तुमी सांगितलं अगदी तसाच, म्हनून ह्यालाबी तशीच लावली."

हे लिहायचे उजव्या हाताने, शाळेत छडी खाऊन शिकलेले. बाकी सगळं डाव्याने. चाळीस वर्षं बघितलेलं, पण चाकूलाही हात असतो हे माझ्या डोक्यात कधी आलं नाही. म्हणजे तीन वर्षं माझ्या हाताचा काही दोष नव्हता.

"आना, धार फिरवून उजवी करून देतो," ते म्हणाले. "पातं एक सूत अरुंद हुईल, बाकी काय न्हाई."

मी चाकू दिला नाही. "राहू दे असाच."

"आवो, तिरका जातोय!"

"जाऊ दे. यांचाही असाच जातो."

सुनंदा सूप घेऊन दारात उभी होती. "साहेब कापायचे तवा तिरका जायचा का?"

"नाही. सरळ जायचा."

"मग अगदी तसाच पायजे म्हनताय, तर सरळ जाऊ द्या की," ती म्हणाली आणि भाकऱ्या टाकायला आत गेली.

मी नवा चाकू पाटावर ठेवला. यांचा पर्समध्येच राहू दिला.

मशीन चालू झालं. ठिणग्या उडत होत्या. मला वाटलं होतं, बघवणार नाही. पण मी स्टूल पुढे ओढून बघत बसले. वाचलेलं सगळं समोर घडत होतं. पातं तापू नये म्हणून ते घडीघडीला पाण्यात बुडवत होते. मी विचारलं, "कडकपणा जाऊ नये म्हणून ना?" ते मागे वळून म्हणाले, "साहेबांनी पंधरा वर्षांत ह्ये कधी इचारलं न्हाई."

मग मी काकडी कापली. एक चकती, दुसरी, दहावी. सगळ्या सारख्या. थांबवेना. आतून सुनंदा ओरडली, "आवो, आता कोशिंबीर करनार हाय का जावळ काढनार हाय तिचं?" तिघांनी मिळून अख्खी काकडी मीठ लावून खाल्ली. वर नाचणीची भाकरी, पिठलं आणि नव्या तांदळाचा भात. जेवणाचे किती द्यायचे विचारलं तर सुनंदा रागावली. चाकूचे त्यांनी सतराशे घेतले. तुम्हाला जायचं असेल तर आधी फोन करून दोन-तीन आठवडे धरा, आणि कुठल्या हाताने काम करता ते विचारलं नाही तरी सांगा.

परतीची बस तीननंतर मिळते, उशीर करू नका. दिवेलागणीला घरी पोहोचले. यांचा चाकू पुसून, तेल लावून डब्यात पाचांजवळ ठेवला. त्याची धार तशीच डावी आहे आणि तशीच राहील.

मग पपई काढली आणि नव्या चाकूने कापली. फोडी सरळ पडल्या. सरळ पडल्या की यांची आठवण येऊन वाईट वाटेल, असं बसमध्ये सगळा वेळ वाटत होतं. आठवण आली. पण पपई गोड निघाली होती, आणि मी उभ्याउभ्याच निम्मी संपवली.