मेव्हण्याचं सोयाबीन

कर्करोगाचा पराभव सोयाबीनच्याच हातून होणार आहे, हे सत्य मला साताऱ्याहून आलेल्या मेव्हण्याने चपलासुद्धा न काढता सांगितलं. तो सैन्यातून सुभेदार म्हणून निवृत्त झालेला. त्याचं प्रत्येक वाक्य हुकुमासारखं निघतं.

बायकोच्या स्तनाच्या कर्करोगाचे उपचार सांगलीत नुकतेच संपले होते. आजार उलटेल का, एवढी एकच भीती घरात उरली होती. तिच्यावर उपाय आणण्याचा मान मेव्हण्याने पटकावला, हे मला झोंबलं. आमच्याकडे सोयाबीन पिकवतात सगळे, खात कोणी नाही. मळणी झाली की थेट बाजार समितीत. याने ते भाजून, दळून डबाभर पीठ आणलं, आणि बायको ते रोज भाकरीत मिसळून खाऊ लागली. मी पेपरातून पालेभाज्यांचे गुण वाचून दाखवले होते, तेव्हा तिने त्याच पेपरवर मेथी निवडली होती.

मग सोयाबीनमध्ये स्त्रीसंप्रेरकासारखं द्रव्य असतं, आणि स्तनाचे बरेच कर्करोग त्या संप्रेरकावरच पोसतात, असं माझ्या वाचनात आलं. काळजी वाटायला हवी होती. आधी आनंद झाला. पुढचा डबा घेऊन मेव्हणा आला, तेव्हा मी त्याला ते ऐकवलं.

"दाजी, तुमी लय वाचता," मेव्हणा म्हणाला. "वाचून रोग भ्याला असता, तर तुमच्या दारात आला नसता."

"भांडू नका. डॉक्टरला इचारू," बायको म्हणाली.

पुढच्या तपासणीला तिच्याबरोबर आम्ही दोघेही गेलो. डॉक्टरीणबाईंनी शांतपणे सांगितलं, "जेवणातलं सोयाबीन चालतं. ते द्रव्य शरीरात संप्रेरकासारखंच वागतं असं नाही, आणि खाण्यामुळे आजार उलटतो असंही दिसलेलं नाही. काही अभ्यासांत थोडा फायदा दिसतो, पण ते औषध नव्हे. सोयाच्या अर्काच्या गोळ्या घेऊ नका. मी दिलेल्या चुकवू नका."

"फायदा हाय न्हवं?" मेव्हणा माझ्याकडे बघून म्हणाला.

डॉक्टरीणबाईंनी बायकोला विचारलं, "तुम्हाला आवडतं का?"

"न्हाई. पोट लय फुगतं."

"मग खाऊ नका."

"आगं, मग आधी सांगायचं की!" मेव्हणा म्हणाला.

"दादा, तू एवढ्या लांबनं आणतोस. तुजं मन कसं मोडू?"

माझं मोडताना तिला हा प्रश्न कधी पडला नव्हता.

घरी आल्यावर तिने बेसनाचं पिठलं केलं. मेव्हण्याने दोनदा वाढून घेतलं.