सरांचं बाळ

सर मला कधी नावाने हाक मारत नसत. मी उमरोळी गावातून यायचे, म्हणून "ए उमरोळी" म्हणायचे. कुंभवलीहून येणारी एक होती, तिला "कुंभवली". एकीला सरळ "जाडी". एकाच मुलीला ते "बाळ" म्हणायचे. तिचंही नाव घेत नसत, पण बाळ म्हणताना त्यांचा आवाज खाली यायचा, मऊ व्हायचा. तो आवाज एकदा तरी आपल्या वाट्याला यावा, असं आम्हा सगळ्याजणींना वाटायचं. आमच्यात कुणी ते बोलून दाखवलं नाही.

मी सहावीत असताना ते आमच्या शाळेत आले. पटांगणात आम्हाला ओळीत उभं केलं, वाकायला लावलं, खांदे मागे ओढून पाहिले. माझ्यापाशी येऊन विचारलं, "तुझी आई किती उंच आहे?" मी हाताने दाखवलं. ते हसले आणि मला ओळीतून बाजूला काढलं. ठेंगण्या आईची मुलगी ठेंगणी राहते आणि जिम्नॅस्टिक्सला तीच लागते, हे मला नंतर कळलं. त्या दिवशी मात्र मी घरी पळत गेले आणि आईला सांगितलं, की तुझ्यामुळे माझी निवड झाली.

बोईसरच्या एमआयडीसीत एका बंद पडलेल्या कंपनीची शेड सरांनी भाड्याने घेतली होती. वर पत्रे, खाली गाद्या, मध्ये बीम, कोपऱ्यात बार. वारा फिरला की केमिकलचा वास आत यायचा आणि डोळे चुरचुरायचे. सरांनी पूर्वी राज्याच्या संघाला मुली दिल्या होत्या. त्या मुलींचे फोटो भिंतीवर होते. बोईसरमध्ये असं काही शिकवणारं दुसरं कुणी नव्हतं, त्यामुळे आईबापांना सर म्हणजे देवमाणूस.

बाळ माझ्याच वयाची. तिचे वडील वीज प्रकल्पात नोकरीला, मूळचे विदर्भातले, वसाहतीत राहायचे. ती खरंच चांगली होती, हे आधी सांगायला हवं. बीमवर ती चालायला लागली की आम्ही आपापलं काम थांबवून बघायचो. पण जाड नवी गादी तिच्याच खाली असायची. ती बारवर गेली की सर खाली हात पसरून उभे राहायचे. आमचा नंबर आला की खुर्चीत बसून फोन बघायचे. मी एकदा बारवरून पाठीवर पडले, श्वास अडकला, डोळ्यांपुढे अंधार. सर मान वर न करता म्हणाले, "उमरोळी, रडायचं असेल तर बाहेर. इथे बाकीच्यांचा वेळ जातो."

स्प्लिटला, म्हणजे एक पाय पुढे आणि एक मागे सरळ ताणून, बसलो की ते मागून पाठीवर भार द्यायचे. कधी हाताने, कधी अख्खे बसायचे. मांडीत काहीतरी फाटतंय असं वाटायचं. ओरडलं की आणखी दाबायचे, म्हणून आम्ही जीभ चावून गप्प राहायला शिकलो. एकीला दाबणं चालू असलं की बाकीच्या भिंतीकडे तोंड करून उभ्या राहायच्या. तसं कुणी सांगितलं नव्हतं. बघवत नव्हतं एवढंच.

आम्हाला वाटायचं, बाळ सुटली. ती सुटली नव्हती, हे मला मे महिन्याच्या सुट्टीत कळलं.

सुट्टीत सकाळ-दुपार दोन्ही वेळा सराव असायचा. आईची औषधाच्या गोळ्यांची कंपनी शेडपासून जवळच होती, तिथे ती पॅकिंगला होती. जेवणाच्या सुट्टीत ती डबा घेऊन शेडच्या मागच्या पायरीवर यायची आणि आम्ही दोघी जेवायचो. सर त्या वेळी घरी जायचे. जाताना बहुतेक वेळा बाळला गाडीतून वसाहतीत सोडायचे. एक दिवस त्यांना कुठे तरी जायचं होतं, म्हणून ती शेडमध्येच राहिली. आई डबा उघडत होती, तर ही येऊन उभी राहिली. डब्याकडे बघत राहिली.

मग म्हणाली, "काकू, थोडं देता?"

आईने तांदळाची भाकरी मोडून तिच्या हातावर ठेवली, वर सुकटीची चटणी. त्यांच्या घरी मासळी चालत नव्हती. आईने सांगितलं, "बाय, ही सुकट हाय, चालंल ना?" तोवर तिने घास तोंडात टाकला होता. इतक्या घाईने खाणारी मुलगी मी आधी पाहिली नव्हती. खाऊन झाल्यावर तिने बोटं चाटली आणि म्हणाली, "सरांना सांगू नका."

तिच्याकडूनच कळलं, सरांनी तिच्या आईला लिहून दिलं होतं तिने काय खायचं ते. सकाळी दूध, दुपारी काकडी आणि एक फुलका, रात्री सफरचंद. भूक लागली तर पाणी प्यायचं. तिची आई मनापासून तेवढंच देत होती, कारण सरांनी सांगितलं होतं की ही मुलगी देशासाठी खेळेल.

त्यानंतर आई डब्यात तीन माणसांचं आणायला लागली. सर गेले की बाळ काही तरी निमित्त काढून थांबायची. पायरीवर आम्ही तिघी बसायचो. तिला आमच्या वाडीबद्दल विचारायला आवडायचं. केळफूल कसं सोलतात, विहिरीत कासव आहे का. शेडच्या आत ती माझ्याशी बोलत नसे, मीही बोलत नसे.

सर दर आठवड्याला सगळ्यांसमोर वजन करायचे. काटा मध्यभागी ठेवायचे आणि आकडा मोठ्याने वाचायचे. एका आठवड्यात बाळचं वजन वाढलं. सर चिडले नाहीत. तिच्यासमोर उकिडवे बसले आणि तिचे दोन्ही हात धरले.

"बाळ, खरं सांग. घरी कोण देतं?"

"घरी कुणी नाही."

"मग कुठे?"

सर तसेच हात धरून बसले होते. शेवटी तिने मान वळवून माझ्याकडे पाहिलं. तिचा मला राग आला नाही. अकरा-बारा वर्षांची पोर, काय करणार होती?

दुपारी आई आली तेव्हा सर पायरीवर उभे होते.

"तुमच्या मुलीला संघात जागा हवी म्हणून माझी मुलगी जाड करताय का?" ते म्हणाले.

आईला आधी समजलंच नाही. मग म्हणाली, "पोरीनं मागितलं, मी दिलं. भुकेल्या पोराला नाय कसं म्हणायचं, सर?"

"ती भुकेली नाही. ती खेळाडू आहे. तुम्हाला यातलं काही कळत नाही."

आई डबा घेऊन परत गेली. तेव्हापासून पायरीवर बसणं बंद झालं. जिल्ह्याच्या स्पर्धेसाठी सरांनी नावं दिली त्यात माझं नव्हतं. माझ्यानंतर शिकायला आलेली, बीमवर दोन पावलंही धड न टाकणारी मुलगी गेली. मी कारण विचारलं. सर म्हणाले, "उमरोळी, तुझं मन साफ नाही."

त्या वर्षी बाळ राज्य स्पर्धेत पदक घेऊन आली. भिंतीवर तिचा फोटो लागला. पावसाळा संपता संपता ती कमरेत वाकून चालायला लागली. नळावर हात धुताना एकदा तिने मला विचारलं, "तुझी कंबर दुखते का गं, झोपेत पण?" मी नाही म्हटलं. ती म्हणाली, "सर म्हणतात सगळ्यांची दुखते. चांगलं खेळणारीची जास्त दुखते." मी तिला घरी सांग म्हटलं. तिने सांगितलंही होतं. तिच्या आईने सरांना फोन केला, आणि सर म्हणाले होते, स्पर्धा जवळ आली की मुली नाटकं करतात.

ती पडली नाही. लोकांना वाटतं, मोठा अपघात झाला असेल. तसं काही झालं नाही. गादीवर मागे कमान टाकली, हात टेकले आणि तिथेच राहिली. पाय वर येईनात. सर म्हणाले, "ऊठ बाळ." दोनदा म्हणाले. तिसऱ्यांदा त्यांचा आवाज आमच्याशी बोलताना असायचा तसा झाला. ती कुशीवर पडून म्हणाली, "सर, पाय कुठेत ते कळत नाही."

पालघरच्या डॉक्टरांनी सांगितलं, मणक्याला तडा गेलाय, आणि तो आजचा नाही, महिन्यांचा जुना आहे. दुखत असताना काम चालू ठेवल्यामुळे वाढलाय. पाय परत आले, पण पुढचे कित्येक महिने ती पट्टा बांधून पडून होती. सर एकदा फळं घेऊन भेटायला गेले. नंतर तिच्या आईचा फोन उचलेनासे झाले.

आणि तिला दवाखान्यात नेलं त्याच्या पुढच्याच सोमवारी, मी बारवर असताना, खाली कुणीतरी उभं असल्याचं जाणवलं. सर हात पसरून उभे होते. मी उतरल्यावर त्यांनी माझ्या पाठीवर थोपटलं. "छान, बाळ."

मला काय वाटलं ते लपवत नाही. मला आनंद झाला. इतके दिवस जे दुसरीच्या वाट्याला जाताना बघत होते ते माझ्याकडे आलं होतं. त्या दिवशी मी रिक्षातून घरी जाताना हसत होते. जाड गादी आता माझ्याखाली आली. आठवड्याभरात कागदही आला, काकडी आणि एक फुलका. मी घरी जेवायला बसले नाही. आईने ताट वाढलं, मी सरकवलं.

"सर नाय म्हणाले?" आईने विचारलं.

मी मान हलवली.

"त्या पोरीला पण असंच म्हणाले व्हते ना?"

मी उठून पाणी प्यायले. आईने ताट झाकून ठेवलं.

दुसऱ्या दिवशी मी स्प्लिटमध्ये होते. पुढचा पाय गाद्यांच्या ढिगावर, म्हणजे जमिनीपेक्षा वर, आणि सर माझ्या पाठीवर बसलेले. बाकीच्या मुली भिंतीकडे तोंड करून. मला दार दिसत नव्हतं. आधी चपलांचा आवाज आला. शेडमध्ये चप्पल घालून कुणी येत नसे.

"सर, उठा," आई म्हणाली.

ती कामावरून तशीच आली होती, निळा एप्रन, डोक्यावर टोपी.

"पालकांना सरावात यायला बंदी आहे," सर बसल्या बसल्या म्हणाले.

"तुमी आदी उठा. माज्या पोरीवरून उठा."

ते उठले. आईने मला काखेत हात घालून उभं केलं. मांड्या थरथरत होत्या, मला चालता येईना. सर शांतपणे म्हणाले, "आता गेली तर परत घेणार नाही. हिच्यात राज्य खेळायची ताकद आहे. तुम्ही तिचं नुकसान करताय." आईने माझी पिशवी उचलली. दाराजवळ गेल्यावर ती वळली आणि भिंतीकडे तोंड केलेल्या मुलींना म्हणाली, "तुमच्या आयांना सांगा, एकदा येऊन बघा म्हणावं." एकही मुलगी वळली नाही.

वडिलांना हे पटलं नाही. इतके दिवस घातले, सरांशी नीट बोलू, म्हणाले. आई आपल्या शब्दावरून हलली नाही. ती पालघरजवळ कोळगावला एका वकिलाकडे जाऊन आली. त्यांनी सांगितलं, तुमच्या मुलीच्या अंगावर दुखापतीची काही खूण नाही. जिला लागलंय तिचे आईवडील बोलले तर काही होईल.

म्हणून आम्ही वसाहतीत गेलो. बाळ आतल्या खोलीत पडून होती. तिच्या वडिलांनी आम्हाला चहा दिला, सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "ताई, आम्हाला यात पडायचं नाही. सरांनी सांगितलंय, बरी झाली की परत घेतो. तक्रार केली तर तिला कोण उभं करेल?"

"सर फोन उचलतात?" आईने विचारलं.

त्यांनी चहाचे कप उचलून आत नेले.

तिची आई आम्हाला सोडायला जिन्यापर्यंत आली. आम्ही उतरायला लागलो तेव्हा तिने आईचा हात धरला आणि हळू आवाजात विचारलं, "ती तुमच्याकडे काय काय खायची?"

आई थांबली. "भाकरी. कदी भात-आमटी. सुकटीची चटणी."

"सुकट?"

"हो. तुमच्यात चालत नाय, मी सांगितलं व्हतं तिला."

"आवडायची तिला?"

"लय आवडायची."

त्या बाई जिन्यावरच बसल्या. पदर तोंडात कोंबून, आतल्या खोलीत ऐकू जाऊ नये अशा रडल्या. आई त्यांच्याजवळ एक पायरी खाली बसून राहिली. मी तिथे उभी होते आणि माझी मांडी दुखत होती.

तक्रार झाली नाही. वर्षभराने सरांनी शेड सोडली आणि दुसऱ्या शहरात गेले. तिथे मोठा हॉल मिळाला म्हणे. माझ्यासोबतच्या दोन मुली त्यांच्यामागे तिकडे राहायला गेल्या.

मी आता तारापूरला एका औषध कंपनीत लॅबमध्ये आहे. उजवी मांडी थंडीत आखडते, बाकी काही नाही. बाळ बोईसरमध्येच असते, घरून कॉम्प्युटरवर काम करते. अर्ध्या तासाच्या वर बसवत नाही, मग उठून भिंतीला टेकून उभी राहते. आम्ही अधूनमधून भेटतो. मागच्या वेळी तिने मला फोनवर सरांच्या नव्या मुलीचा व्हिडिओ दाखवला. दहा वर्षांची असेल. बीमवर उलटी कमान, मग आणखी एक.

"बघ, कमान किती सुंदर आहे," ती म्हणाली. "अशी फक्त सरच शिकवू शकतात."

मी विचारलं, तुला त्यांचा राग येत नाही का.

"मी जे काही होते ते त्यांच्यामुळे होते," ती म्हणाली. दर गुरुपौर्णिमेला ती त्यांना मेसेज पाठवते. वाचल्याच्या निळ्या खुणा येतात. उत्तर आजवर आलेलं नाही.

ती पुन्हा व्हिडिओकडे वळली. मुलगी बीमवरून उतरली, सरांनी तिला उचललं, आणि तिने कॅमेऱ्याकडे बघून हात वर केले. हसताना तिच्या मानेच्या शिरा दिसत होत्या. बाळने व्हिडिओ पुन्हा सुरुवातीपासून लावला.