गळी उतरवलेला होकार

दिपमालाच्या तोंडून 'नाही' निघत नाही, हे तिच्या धरणगावच्या माहेरी सगळ्यांना ठाऊक होतं. म्हणून वडील गेल्यावर भाऊ जगदीशनं स्वतः काही मागितलं नाही. काका रोहिदासनानांना पुढं केलं. वडिलांच्या वावरातला आपला वाटा तिनं भावासाठी सोडून द्यावा, एवढंच त्यांचं म्हणणं होतं.

नाना जळगावला तिच्या घरी आले, चहा प्याले आणि गोडीगुलाबीनं सुरू झाले. "बठ्ठ्या बहिणी हक्क सोडतस, माय. तुना भाऊ काय परका शे का?"

सगळ्याच बहिणी सोडतात, हे ऐकत तिनं कपबश्या उचलून आत नेल्या. नाना पुन्हा आले, या खेपेला तिच्या आईला, भिकुबाईला, बरोबर घेऊन. तुला काय कमी आहे, वाटा मागणाऱ्या बहिणीची राखी कोण बांधून घेईल, गावात तोंड कसं दाखवायचं... नाना बोलत होते आणि आई खाली मान घालून पदराचं टोक पिळत होती. शेवटी दिपमाला म्हणाली, "बरं, करते सही."

दिपमाला इंग्रजीचा क्लास घेते. सहीच्या आदल्या दिवशी तिनं फळ्यावर लिहिलं, 'टॉक इन्टू.'

शीतल नावाच्या मुलीनं विचारलं, "मॅडम, म्हणजे पटवून देणं?"

"अगदी तसं नाही. मनात नसलेली गोष्ट बोलून बोलून करायला लावणं. गळी उतरवणं म्हण." पुस्तकात कोट विकणाऱ्या दुकानदाराचं वाक्य होतं, पण तिच्या तोंडून निघालं, "ही टॉक्ड हर इन्टू सायनिंग. सही करायचं त्यानं तिच्या गळी उतरवलं."

वाक्य संपलं आणि तिचे कान तापले.

"आणि उलट? करू नको म्हणून कुणी मागं लागलं तर?" शीतलनं विचारलं.

"टॉक आउट ऑफ." क्षणभर थांबून दिपमालानं वाक्य दिलं, "दे कान्ट टॉक मी आउट ऑफ इट. म्हणजे, त्यांनी कितीही डोकं खाल्लं तरी मी माझ्या निश्चयावरून हटणार नाही."

दुसऱ्या दिवशी नोंदणी कार्यालयात कागद तयार होता. जगदीशनं पेन उघडून तिच्या हातात दिलं. टेबलामागच्या बाईंनी मान वर न करता विचारलं, "राजीखुशीनं करताय ना?"

"नाही," दिपमाला म्हणाली.

बाईंनी आता वर पाहिलं. जगदीश कसनुसं हसला. "ताई, मस्करी नको करू."

"मस्करी नाही. माझी खुशी कुणी विचारलीच नव्हती. आज यांनी विचारली, म्हणून सांगते." पेन टेबलावर ठेवून ती बाहेर आली.

आवारात नानांनी तिला गाठलं. गोडवा पार आटला होता. "आते आखाजीले माहेरनं दार बंद, समजी ले!"

"दार तुम्ही लावा, नाना. वावराला दार नसतं."

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, खानदेशातल्या लेकी माहेरी येऊन झोके खेळतात; तिला न्यायला खरंच कुणी आलं नाही. ती एकटी एसटीनं गेली ती थेट वावरात. बांधावरच्या निंबाला दोर टाकून तिनं झोका बांधला आणि भर उन्हात झोके घेत आखाजीची गाणी मोठ्यानं म्हणू लागली. शेजारच्या वावरातल्या दोघी-तिघी आल्या, त्यांनी सूर धरला. मग बांधावरून भिकुबाई येताना दिसली. तिच्या हातात फडक्यात बांधलेले पुरणाचे मांडे होते.

"आई, जगदीश रागावेल."

"रागावू दे." आई सावलीत टेकली. फडकं सोडता सोडता तिची नजर झोक्याकडे गेली. मग हळूच म्हणाली, "मी बी मना भाऊले सही करी दिन्ही व्हती. मले कोनी इचारं नही."

दिपमालानं झोका थांबवला आणि आईला त्यावर बसवलं.

सातबाऱ्यावर आता तिचंही नाव आहे. जगदीश अजून बोलत नाही. पावसाळ्यात तिनं आपल्या वाट्यात कपाशी लावली. निंदणीला माणसं लावली की ती स्वतः बांधावर उभी राहते. नाना त्या वाटेनं तोंड फिरवून जातात, आणि ती साऱ्या शिवाराला ऐकू जाईल अशी हाक देते, "राम राम, नाना!"